बंगळूरचे बेहिशेबी पाणी

सरकारी नोकरीत ज्यांनी दोनचार बदल्या पाहिल्या आहेत, त्यांची नव्या गावाशी पहिली ओळख नळावर होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तेथील भाषा पुढे कळू लागते, माणसे त्याहून उशिरा कळतात. परंतु पाणी किती वाजता येते व किती वेळ टिकते, हे पहिल्या दिवशीच शेजाऱ्यास विचारून घ्यावे लागते. बंगळुरास आलेल्या मराठी कुटुंबास या प्रश्नाबरोबर एका जुन्या शब्दाचा नवा अर्थही शिकावा लागतो. आपल्याकडे संप म्हटला की गिरणी बंद पडते. येथे घराच्या अंगणाखालील पाण्याच्या हौदास संप म्हणतात आणि तो भरलेला असला तरच घर चालते.

या संपापर्यंत जे पाणी पोहोचते त्याविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. जे पोहोचत नाही त्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. कावेरीवरून निघालेल्या आणि वाटेत कोठे तरी नाहीशा झालेल्या या पाण्यास पाणीपुरवठा खात्याच्या दप्तरात 'बेहिशेबी पाणी' म्हणतात. हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. एखाद्या अंमलदाराच्या घरी बेहिशेबी रक्कम सापडली तर चौकशी होते. नगराच्या रस्त्याखाली बेहिशेबी नदी वाहत असली तर ती टक्केवारीच्या एका रकान्यात जाऊन बसते. या रकान्याचा इतिहास, आणि तो कमी करण्यासाठी माणसाने जमिनीला व पाण्याला कान लावण्याची जी विद्या कमावली तिचा इतिहास, असे दोन्ही येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

बंगळूर हे मोठ्या नदीच्या काठी वसलेले नगर नव्हे. सोळाव्या शतकात केंपेगौडाने येथे पेठ वसविली तेव्हा समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या या पठारावर पावसाचे पाणी अडवून धरण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. त्यामुळे या नगराचा आरंभीचा इतिहास हा तलावांचा इतिहास आहे. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी, हलसूर ही त्यांतील ठळक नावे. विजापूरकरांच्या फौजांनी १६३८ साली हा मुलूख घेतला आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्यामागे ते व्यंकोजीराजांकडे राहिले. १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले व म्हैसूरच्या चिक्कदेवराजास तीन लक्ष रुपयांस देऊन टाकले. म्हणजे सुमारे अर्धे शतक या नगरावर भोसल्यांचा अंमल होता, आणि त्या काळातील मराठी माणसे याच तलावांचे पाणी प्याली.

तलावाचे पाणी डोळ्यांस दिसते, हे त्याचे वैशिष्ट्य. ते किती उरले हे सांगण्यास अधिकाऱ्याची गरज लागत नाही. बांधावर उभा राहणारा कोणीही ते सांगू शकतो. बांध फुटला तर सारे गाव धावते. दूरचे पाणी नळाने आणण्याची कला त्या काळी दख्खनेत अज्ञात होती असे नाही. खुद्द विजापुरात बेगम तलावाचे पाणी मातीच्या नळांतून शहरात येई, आणि वाटेवर पाण्याचा जोर मोडण्यासाठी 'गंज' नावाचे बुरूज उभारलेले होते. मलिक अंबराने खडकीस आणलेली नहर आणि अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यास आणलेले पाणी ही त्याच कुळातील उदाहरणे होत. पुणेकर ज्यांस उच्छ्वास म्हणतात त्या बांधकामांतून कात्रजच्या नळात हवा खेळे, आणि माणसास आत उतरून पाहता येई. या जुन्या योजनांत पाणी उताराने चाले, त्यावर दाब थोडा असे, आणि ते कोठे मुरते आहे हे पाहण्यासाठी वाटेत जागा ठेवलेली असे. कर्त्यांनी गळती गृहीत धरली होती, म्हणूनच तिच्यासाठी दारेही ठेवली होती.

एकोणिसाव्या शतकाने ही दारे बंद केली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने म्हैसूर संस्थान होरपळून निघाले, आणि पुढे तलावांवर विसंबून एवढे नगर व त्याला लागून असलेली इंग्रजांची छावणी जगविता येणार नाही हे स्पष्ट झाले. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत, १८९४ साली, नगराच्या वायव्येस अर्कावती नदीवर हेसरघट्टा येथे जलाशय बांधून झाला आणि १८९६ पासून त्याचे पाणी वाफेच्या पंपांनी चढवून बिडाच्या नळांतून नगरास मिळू लागले. राजाच्या नावावरून या योजनेस चामराजेंद्र जलकाम म्हणत. गाळलेले पाणी दाबाने घरापर्यंत येऊ लागले, ही आरोग्याच्या दृष्टीने मोठीच क्रांती होती. परंतु त्याच दिवशी नगराचे पाणी नगरवासीयांच्या दृष्टीआड झाले. उघड्या बांधाची जागा जमिनीखालच्या बंद नळाने घेतली, आणि गळतीची दाद घेणारा गावकरी जाऊन तेथे मीटर वाचणारा कारकून आला.

त्यापुढील सव्वाशे वर्षांची कथा एका वाक्यात सांगता येईल: पाणी अपुरे पडले की नगराने आणखी दूर हात पसरला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात हेसरघट्टा अपुरे ठरले, तेव्हा अर्कावती व कुमुद्वती यांच्या संगमावर तिप्पगोंडनहळ्ळी येथे १९३३ साली नवा जलाशय झाला. १९४९ साली नगर व छावणी यांची एक महापालिका झाली. १९६४ साली पाणी व मैला यांसाठी स्वतंत्र मंडळ कायद्याने स्थापन झाले. मग कावेरीकडे मोर्चा वळला. पहिला टप्पा १९७४ मध्ये, दुसरा १९८२ मध्ये, तिसरा १९९३ मध्ये, चौथ्याचे दोन भाग २००२ व २०१२ मध्ये, आणि पाचवा ऑक्टोबर २०२४ मध्ये. दरम्यान मागे टाकलेले तलाव एकामागून एक बुजले. धर्मांबुधीच्या तळावर आज बसस्थानक आहे आणि संपंगीच्या जागी क्रीडांगण. अर्कावतीही पुढे इतकी क्षीण व मलिन झाली की तिच्यावर बांधलेले दोन्ही जलाशय नगराच्या उपयोगी पडेनासे झाले.

कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून येते, पण खरी अडचण अंतराची नसून उंचीची आहे. तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी व तातगुणी अशा तीन ठिकाणी पंप बसवून ते सुमारे ५०० मीटर वर चढवावे लागते. एक हजार लिटर पाणी इतके उचलण्यास, यंत्रात काहीही शक्ती वाया जात नाही असे धरले तरी, १.३६ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक. म्हणजे बंगळुरात रस्त्याखाली गळणारे पाणी हे नुसते पाणी नव्हे. डोंगर चढून आलेले, गाळलेले आणि औषध घातलेले असे ते पाणी असते, आणि दाराशी पोहोचण्यास चारदोन गल्ल्या उरलेल्या असताना ते वाया जाते.

किती वाया जाते? २०१० च्या सुमारास बंगळुरातील बेहिशेबी पाण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे असल्याचे अहवालांतून सांगितले जात असे. पुढे जपानी साहाय्याने नगराच्या दक्षिण, पश्चिम व मध्य भागांत मोठे काम झाले. नगराचे छोटे छोटे मापन-विभाग पाडण्यात आले, जुने नळ बदलले गेले, आणि अलीकडे हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आल्याचे मंडळ सांगते. येथे एक खुलासा केला पाहिजे. बेहिशेबी म्हटलेले सारेच पाणी गळत नाही. त्यात चोरीच्या जोडण्या आहेत, मंदावलेले मीटर आहेत, सार्वजनिक नळांवर फुकट दिलेले पाणी आहे. परंतु गळतीचा वाटा त्यात मोठा असतो याविषयी दुमत नाही.

आकडा किती मोठा आहे हे समजण्यास एक तुलना पुरे. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कावेरी तंट्याचा निकाल दिला आणि कर्नाटकाच्या वाट्यात १४.७५ टीएमसीची भर घातली. त्यांपैकी ४.७५ टीएमसी, म्हणजे पावणेपाच अब्ज घनफूट, पाणी बंगळूरच्या पिण्यासाठी होते. या तंट्याचे मूळ १८९२ च्या करारापर्यंत जाते. त्यापायी दोन राज्यांत बंद झाले, दंगली झाल्या, माणसे मेली. या ४.७५ टीएमसीला ३६५ दिवसांनी भागले तर दररोज सुमारे ३६ कोटी ८० लक्ष लिटर पडतात. आता दुसरा हिशेब पाहावा. पाचव्या टप्प्यापूर्वी कावेरीचे रोज सुमारे १४५ कोटी लिटर पाणी नगराकडे येत असे. त्याचा चौथा हिस्सा बेहिशेबी धरला तरी तो ३६ कोटी २५ लक्ष लिटर भरतो. म्हणजे शतकाहून अधिक चाललेल्या भांडणाअंती न्यायालयाने या नगराच्या ओंजळीत जेवढे पाणी घातले, जवळजवळ तेवढेच त्याच्या बोटांच्या फटींतून रोज निसटत होते.

या फटी शोधावयाच्या कशा? डोळ्यांचा येथे उपयोग नाही. रस्त्यावर वर आलेले पाणी कोणासही दिसते आणि त्याची तक्रारही होते. परंतु बहुतेक गळती वर येतच नाही, ती खालच्या खाली मुरते वा एखाद्या जुन्या गटारात शिरते. म्हणून माणसाने कानाचा आश्रय घेतला. दाबाखालचे पाणी छिद्रातून सुटताना नळाचा पत्रा थरथरतो, आतील पाण्याचा स्तंभ थरथरतो, बाहेरची माती व खडे त्या धारेने ढवळले जातात. या तिन्हींचा मिळून एक आवाज होतो. बारीक छिद्र किंचाळते. मोठी भेग दाबच घालवून बसते, म्हणून ती पुष्कळदा मुकी असते. गळतीच्या स्वभावातील हा विरोधाभास जाणत्यास प्रथम शिकावा लागतो.

ही विद्या शास्त्रीय पायावर आणण्याचे श्रेय इंग्लंडातील लिव्हरपूल नगराचा अभियंता जॉर्ज डीकन याजकडे जाते. त्या नगरात तेव्हा बंगळूरप्रमाणेच ठरावीक तास पाणी सुटत असे. डीकनने १८७३ साली एक मापक तयार केला. तो वस्तीच्या एका भागात जाणाऱ्या पाण्याची नोंद कागदावर आपोआप उमटवी. मध्यरात्रीनंतर सारे निजले असताही कागदावरील रेघ खाली येत नसेल तर पाणी गळते आहे हे उघड होई. मग निरीक्षक रात्री बाहेर पडत, घराघराच्या चावीवर सळई टेकवून तिचे दुसरे टोक कानास लावीत, आणि आवाज आला की चावी बंद करून रेघ उतरते काय ते पाहत. या पद्धतीने वाया जाणारे पाणी एवढे वाचले की लिव्हरपुलास पुन्हा अहोरात्र पाणी देता आले. मुंबईच्या जलखात्यातही सळई कानास लावून रात्री रस्त्यांवरून फिरणारी माणसे वर्षानुवर्षे हेच काम करीत आली आहेत. त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. परंतु मुंबईच्या पोटातील नळ त्यांच्याइतके कोणी ओळखले असतील असे आम्हांस वाटत नाही.

सळईस पुढे मर्यादा पडल्या. बिडाच्या नळातून आवाज दूरवर जातो, पण प्लॅस्टिकच्या नळात तो थोड्याच अंतरात विरतो. आणि फार मोठ्या व्यासाच्या नळावर कान लावून हाती काही लागत नाही. अशा वेळी नळाच्या भिंतीऐवजी आतील पाण्यालाच ऐकावे, हा विचार पुढे आला. पाण्यातून ध्वनी उत्तम वाहतो, ही गोष्ट १८२६ साली कोलाडों व स्टुर्म यांनी जिनीव्हाच्या सरोवरात प्रयोगाने सिद्ध केली होती. एका नावेतून पाण्याखाली घंटा वाजवावयाची व त्याच क्षणी वर दारू पेटवून उजेड करावयाचा. दूरच्या नावेतील माणसाने पाण्यात बुडविलेल्या कर्ण्यास कान लावून उजेड व आवाज यांतील अंतर मोजावयाचे. त्यांस ध्वनीचा वेग सेकंदास १४३५ मीटर मिळाला; हवेतील वेगाच्या तो चौपटीहून अधिक आहे. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या भीतीने या कर्ण्याचे हायड्रोफोन या विद्युत्-उपकरणात रूपांतर झाले. पाण्यात बुडवावयाचा कान, असे त्याचे वर्णन करता येईल.

आज हाच कान नगराच्या नळांत उतरविला जातो. तो झडपेवर वा अग्निशामक नळावर असा बसवितात की त्याचे टोक आतील पाण्यास लागावे. मोठ्या नळात तो दोरीस बांधून प्रवाहाबरोबर सोडतात, आणि वरून एक माणूस त्याच्या मागोमाग चालत जातो. गळतीची नेमकी जागा काढण्याची युक्ती तर शाळकरी गणिताची आहे. समजा, नळावर १०० मीटर अंतरावर दोन कान बसविले, आणि त्या नळात ध्वनीचा वेग सेकंदास १२५० मीटर आहे. एकच आवाज दुसऱ्या कानास पहिल्यापेक्षा ०.०३२ सेकंद उशिरा पोहोचला, तर त्यास ४० मीटर अधिक चालावे लागले. म्हणजे गळती पहिल्या कानापासून ३० व दुसऱ्यापासून ७० मीटरांवर असली पाहिजे. तेथे खणावे. पूर्वी जेथे अर्धी गल्ली उकरावी लागे तेथे आता एक खड्डा पुरतो.

येथे बंगळूरविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. याच नगरात जलहळ्ळी येथे १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना निघाला. कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत विकसित झालेली, युद्धनौकांच्या तळाशी बसवावयाची पाण्याखालच्या श्रवणाची यंत्रे पुढे या कारखान्याने बनविली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, पठारावर वसलेले हे नगर देशाच्या नौकांस पाण्याखालचे ऐकण्याची शक्ती पुरवीत आले, आणि स्वतःच्या रस्त्याखालचे ऐकण्यास त्यास उशीर झाला. यात कोणा एकाचा दोष नाही. शत्रूच्या पाणबुडीची चाहूल लागली नाही तर जहाज बुडते. गळतीची चाहूल लागली नाही तर केवळ रकाना वाढतो.

हायड्रोफोन विकत घेतला की काम भागले असे मात्र नाही. ऐकण्यास दोन गोष्टी लागतात: नळात दाब आणि बाहेर शांतता. बंगळूरच्या बहुतेक वस्त्यांत पाणी एक दिवसाआड, काही तासच येते. ते नसते तेव्हा नळ रिकामा असतो आणि छिद्र मुके असते; उलट बाहेरचे मलिन पाणी त्याच छिद्रातून आत शिरण्याची भीती असते. पाणी येते तेव्हा घरोघरचे संप भरू लागतात, आणि त्या खळखळाटात गळतीचा स्वर बुडून जातो. डीकनची मध्यरात्रीची रेघही येथे विश्वासाची राहत नाही, कारण माणसे निजली तरी संप पाणी पीतच असतात. म्हणून अशा ठिकाणी पाण्यात हेलियम वायू मिसळून तो जमिनीतून कोठे वर येतो हे हुंगण्याची रीतही काढण्यात आली आहे. जेथे कान हरतो तेथे नाकाकडे जावे लागते. परंतु खरा उपाय डीकनने दाखविलेलाच आहे: एक एक लहान विभाग घ्यावा, त्यास अखंड दाब द्यावा, मोजावे, ऐकावे, खणावे, दुरुस्त करावे आणि पुन्हा मोजावे.

या संदर्भात एक आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, नगराच्या मध्यभागी भूजल बरेच वर आहे आणि कडेच्या वस्त्यांत ते फार खोल गेले आहे. मध्यभागी ते वर राहण्यास नळांची गळती हे एक महत्त्वाचे कारण आहे. मग कोणी म्हणेल की, गळलेले पाणी वाया कोठे गेले? ते धरणीच्याच पोटात राहिले. हे खरे आहे, पण ते कोणाच्या अंगणाखाली राहिले हा प्रश्न उरतोच. ज्या मध्यवर्ती वस्त्यांत कावेरीचे नळ आहेत तेथेच ते मुरते. ज्या कडेच्या खेड्यांना नळ मिळाला नाही त्यांच्या विहिरी कोरड्याच राहतात. गळतीचा लाभही पुन्हा नळवाल्यांसच होतो. आणि भूजल वाढवावयाचे तर पावसाचे पाणी मुरविणे हा त्याहून शतपटीने स्वस्त मार्ग आहे. त्यासाठी डोंगर चढवून आणलेले पाणी खर्ची घालणे म्हणजे दिव्याचे तूप चुलीत ओतण्यासारखे आहे.

२०२४ च्या उन्हाळ्याने हा भेद उघडा केला. आदल्या वर्षी पाऊस हुकला होता. सरकारी मालकीच्या सुमारे १४ हजार विंधनविहिरींपैकी जवळजवळ निम्म्या आटल्या, आणि कडेच्या वस्त्यांत टँकरसाठी रांगा लागल्या. मार्चमध्ये मंडळाने हुकूम काढला की पिण्याच्या पाण्याने मोटार धुणारास वा बागेस घालणारास ५,००० रुपये दंड होईल. हुकूम योग्यच होता. परंतु रस्त्यावर बादलीभर पाण्याने मोटार धुणारा दिसतो म्हणून त्यास दंड होतो, आणि त्याच रस्त्याखाली रात्रंदिवस गळणारा नळ दिसत नाही म्हणून त्याचा जाब कोणास विचारावयाचा हे ठरत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाचवा टप्पा सुरू झाला. २००७ साली नगरात सामील केलेल्या ११० खेड्यांसाठी रोज ७७ कोटी ५० लक्ष लिटरांची सोय झाली. ज्यांनी सतरा वर्षे वाट पाहिली त्यांस हे पाणी मिळाले याचा आनंदच आहे. पण दाब वाढला की गळती वाढते, हा पदार्थविज्ञानाचा नियम कोणत्याही उद्घाटनाने स्थगित होत नाही. नव्या नळांसही वय चढणार आहे.

या मासिकाच्या वाचकांत शासकीय कामाचा अनुभव असलेले बरेच आहेत. त्यांस या इतिहासातील मर्म निराळे सांगावयास नको. धरणाची कोनशिला असते, पंपघराचे उद्घाटन असते, जलवाहिनीस राजाचे वा नेत्याचे नाव देता येते. सापडलेल्या आणि बुजविलेल्या गळतीस कोनशिला नाही. ती शोधणारा माणूस रात्री दोन वाजता रस्त्यावर उभा असतो, आणि त्याच्या कामाचे फळ म्हणजे काहीच न घडणे. शिवाय ऐकणारा एका खात्याचा, खणण्याची परवानगी देणारा दुसऱ्या खात्याचा आणि खड्डा बुजविणारा तिसऱ्याचा असतो. यंत्राने गळती ०.०३२ सेकंदांत सांगितली तरी कागदास तीन टेबलांवरून जाण्यास तीन महिने लागू शकतात, आणि तेवढे दिवस ते पाणी, जागा माहीत असूनही, गळतच राहते.

म्हणून आम्हांस वाटते की, उद्या ज्या गावी आपली बदली होईल तेथे पाणी किती वाजता येते या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा. गेल्या वर्षी येथे किती गळत्या सापडल्या आणि सापडल्यापासून किती दिवसांत त्या बुजल्या? ज्या नगरपालिकेच्या दप्तरात या दोन आकड्यांची वही ठेवलेली आहे, तिच्या हाती सळई असली तरी ती पाणी राखील. ज्या दप्तरात ती वही नाही, तेथे समुद्र ऐकणारी यंत्रे आणून बसविली तरी रकाना तसाच राहील. बंगळुरात ही वही आता कोठे उघडली जाऊ लागली आहे. कावेरीच्या सहाव्या टप्प्याचा विचार करण्यापूर्वी तिची पाने भरली जावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.